खिडकीसाठी लॅपटॉप

मिनिटरावांना लॅपटॉप नको होता, खिडकी हवी होती. पण हल्लीच्या दिवसांत माणसाला सरळ सरळ खिडकी मागता येत नाही, मध्ये एखादं यंत्र घालावं लागतं, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं.

खिडकी होती बससेवेच्या मुख्य कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या बरोबर खाली बसस्थानक. मिनिटराव वेळापत्रक विभागाचे प्रमुख, आणि विभागात ते एकटेच असल्यामुळे त्यांच्या हाताखालचा कर्मचारीवर्गही तेच. शहरातली कुठली बस कुठल्या मिनिटाला कुठे असावी, हे ते ठरवत. 'मिनिटराव' हे नाव कार्यालयानं प्रेमानं दिलेलं होतं असं ते मानत, आणि ज्यांनी दिलं होतं त्यांनी कधी खुलासा केला नाही.

त्यांची कामाची रीत अशी. टेबलभर मोठा आलेखाचा कागद. आडवी वेळ, उभं अंतर, आणि प्रत्येक बसची एक तिरकी रेघ. रेघ ओढायची, उठायचं, खिडकीपाशी जायचं, खाली बघायचं. बस आली का? ड्रायव्हरला चहा तोंड भाजून घ्यावा लागला की निवांत पिता आला? रांगेतली माणसं घड्याळ बघताहेत की एकमेकांशी बोलताहेत? बोलत असली तर वेळापत्रक बरोबर. घड्याळ बघत असली तर परत टेबलाशी यायचं, खोडरबर घ्यायचं आणि रेघ केसभर सरकवायची. या एका खिडकीवर मिनिटरावांनी अर्धं आयुष्य काढलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. घरी ते कुणाला सांगत नसत, पण दुपारच्या वेळी सगळ्या मार्गांच्या बस आपापल्या मिनिटाला स्थानकात शिरल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मग नव्या मॅडम आल्या. कार्यालयाच्या सर्वांत वरच्या खुर्चीवर आल्या, आणि आल्या आल्या सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून गेल्या. मिनिटरावांच्या टेबलापाशी त्या थांबल्या. रेघांच्या त्या जंजाळाकडे बघून म्हणाल्या, "हे चित्र कुणी काढलंय?"

"वेळापत्रक आहे, मॅडम."

"कागदावर?"

या प्रश्नाला 'हो' म्हणावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं, आणि 'नाही' म्हणावं तर कागद समोर पसरलेला. मिनिटरावांनी टेबलावरचं खोडरबर उचलून खिशात टाकलं.

मॅडमनी निकाल दिला. महिनाअखेरच्या बैठकीत नवं वेळापत्रक कॉम्प्युटरवर करून दाखवायचं. नाही जमलं तर विभाग तळघरात, रेकॉर्डच्या कपाटांशेजारी हलवायचा. "ही खोली मला मीटिंगसाठी हवीच आहे," असंही त्या जाता जाता बोलल्या. तळघराला खिडकी नव्हती. एक झरोका होता, त्यातून ये-जा करणाऱ्यांचे बूट दिसत.

विभागाच्या वाट्याला आलेला कॉम्प्युटर फार पूर्वीपासून सुरू होण्याचा विचार करत होता. बटण दाबलं की आतून आजारी माणसासारखा कण्हायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून मिनिटराव मेव्हण्याला घेऊन दुकानात गेले.

आता मेव्हण्याला बरोबर नेणं ही पहिली चूक, पण ती टाळता येण्यासारखी नव्हती. घरात कुठलीही विजेची वस्तू आली की ती मेव्हण्याच्या सल्ल्यानं यायची आणि मेव्हण्याच्या सल्ल्यानंच बिघडायची. दुकानातल्या विक्रेत्यानं विचारलं, "सर, यूज काय आहे? गेमिंग? एडिटिंग? थ्रीडी?"

मिनिटराव म्हणाले, "एक तक्ता टाइप करायचाय."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचा दिवा विझला. त्यानं कोपऱ्यातल्या टेबलाकडे नुसती मान हलवली. तिथे शाळकरी मुलांचे लॅपटॉप मांडलेले होते आणि एकावर कार्टूनचा स्टिकर होता. मिनिटरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. तेवढ्यात मेव्हणा पुढे सरसावला. "अहो, तक्ता म्हणजे साधा तक्ता नाही. अख्ख्या शहराची वाहतूक हे हलवतात!"

"ओहो, सिम्युलेशन!" विक्रेता म्हणाला, आणि दिवा परत लागला.

सिम्युलेशन म्हणजे काय हे मिनिटरावांना ठाऊक नव्हतं, पण कार्टूनच्या टेबलापेक्षा ते नक्कीच वरचं होतं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यानं पुढचं सगळं घडलं. विक्रेत्यानं काचेच्या कपाटातून जे काढलं ते काळंभोर होतं, पातळ होतं, झाकण उघडलं की कळफलकाखालून जांभळा उजेड यायचा आणि हळूहळू निळा व्हायचा. "याच्यावर विमानाचं डिझाइन होतं, सर," विक्रेता म्हणाला. मिनिटरावांना विमान करायचं नव्हतं, बस करायच्या होत्या. पण जो विमान करू शकतो त्याला बस काय जड, असा त्यांनी विचार केला आणि तो घरी आणला.

घरी बायकोनं खोकं उघडलं आणि बोटही न लावता आत डोकावून बघितलं. मग म्हणाली, "हा वापरायचा?"

हा प्रश्न समजायला त्या घराची रीत माहीत हवी. त्या घरात चांगली वस्तू वापरत नसत, सांभाळत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असे आणि पिशवी फाटू नये म्हणून दुसऱ्या पिशवीत. सोफ्यावर कव्हर, आणि पाहुणे आले की ते काढायचं असं ठरलेलं. पण काढल्यावर सोफा खराब होईल म्हणून पाहुण्यांना खुर्च्या देत. मिनिटरावांच्या घड्याळाच्या काचेवर दुकानातली पातळ फिल्म अजून होती, त्यामुळे मिनिटांवर जगणाऱ्या या माणसाला मिनिटकाटा नेहमी किंचित धुक्यात दिसत असे.

"वापरायचाच आहे," मिनिटराव म्हणाले. "खिडकीचा प्रश्न आहे."

"वापरा. पण जपून," बायको म्हणाली, आणि जुन्या पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवायला बसली. तिच्या हाताची शिवण सुंदर होती. कव्हर इतकं नेमकं बसलं की लॅपटॉप आता बाहेरून उशीसारखा दिसायला लागला, आणि दोनदा त्यावर कुणीतरी डोकं टेकलं.

कव्हर वरून झालं. खालचं काय? टेबलावर ठेवताना तळाला ओरखडे पडणार, हे उघड होतं. म्हणून मिनिटराव नाक्यावरच्या मोबाइल कव्हरवाल्याकडे गेले. त्यानं लॅपटॉप उलटा केला, तळ बघितला आणि विचारलं, "फिल्म लावतो, पण ही भोकं मोकळी ठेवू ना?"

तळाला बारीक जाळीच्या, खिडक्यांसारख्या दोन जागा होत्या. मिनिटरावांना वाटलं, हा माणूस कामात चालढकल करतोय. "भोकं कशाला मोकळी? तिथूनच धूळ जाईल. करायचं तर नीट, पूर्ण करा."

कव्हरवाल्यानं खांदे उडवले आणि पूर्ण केलं. फिल्म अशी घट्ट बसली की हात फिरवला तर तळ आहे की आरसा कळेना. मिनिटराव समाधानानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि लॅपटॉपनं त्यांना ओळखायला नकार दिला. मेव्हण्यानं दुकानातच त्यांचा चेहरा त्यात भरून ठेवला होता. नुसतं समोर बसलं की उघडणार, असं. पण तो चेहरा भरला गेला तेव्हा विक्रेत्यानं नुकताच चहा दिला होता, 'सिम्युलेशनवाले साहेब' म्हटलं होतं, आणि मिनिटराव हसत होते. घरच्या मिनिटरावांशी त्या माणसाचं काही देणंघेणं नव्हतं. पडद्यावर येत होतं, 'चेहरा जुळत नाही'. आकड्यांचा गुप्त कोड मेव्हण्यानंच घातलेला, आणि त्याला फोन केला तर म्हणाला, "अहो, सोपाच ठेवलाय, आठवेल मला." तो आठवला नाही.

शेवटी मिनिटरावांनी आरशासमोर उभं राहून दुकानातलं हसू शोधून काढलं. भुवया जरा वर, ओठ जरा रुंद, आणि मनात 'सिम्युलेशन'. ते धरून ते लॅपटॉपसमोर गेले, आणि तो उघडला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. नवरा एकटाच, कुणाशी न बोलता, एका काळ्या पेटीकडे बघून गोड हसतोय, हे तिनं पाहिलं आणि चहाचा कप लांबच ठेवून गेली. त्या दिवसापासून रोज सकाळी मिनिटराव हसत. माणूस ऑफिसला उशीर होत असताना, कालच्या अपमानाची आठवण ताजी असताना, पोट बिघडलं असताना कसा हसणार? पण लॅपटॉपला त्याचं काही नव्हतं.

हसून झालं की काम. मिनिटराव एका बोटानं टाइप करत. त्या विमान करणाऱ्या यंत्राला दवाखाना मार्गावरच्या पहिल्या बसची वेळ मिळे, मग बोट दुसरं अक्षर शोधायला निघे, आणि यंत्र वाट बघे. असं थोडा वेळ चाललं की आतून आवाज सुरू व्हायचा. आधी कुजबुज, मग घोंघाट, मग असं वाटायचं की आता हे टेबलावरून उठणार आणि खिडकीतून उडून जाणार. मग एकदम अंधार. लॅपटॉप बंद. हात लावला तर तवा.

वरच्या मजल्यावरचे अण्णा, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, पहिल्याच दिवशी खाली आले. "भल्या सकाळी मिक्सर लावता का हो?"

"लॅपटॉप आहे, अण्णा."

"मग बिघडलाय." अण्णांनी खुर्ची ओढली. एकदा अण्णांनी खुर्ची ओढली की सल्ला घेतल्याशिवाय सुटका नसे. "त्याला गरम होतंय. माणसाला गरम झालं की आपण काय करतो? ओलं फडकं."

"विजेच्या वस्तूला?"

"पिळून, पिळून! मी काय बादली ओता म्हणतोय का?"

ओलं फडकं मिनिटरावांनी केलं नाही. पण दोन्ही बाजूंना टेबलफॅन ठेवले. कागद उडाले, पडद्यावरचा तक्ता तेवढा राहिला. मग पुस्तकांवर उंच ठेवून बघितला, मग लाद्यांवर जमिनीवर, आणि मिनिटराव पालथे पडून एका बोटानं टाइप करत. मेव्हण्यानं फोनवर 'परफॉर्मन्स मोड बंद करा' असं सांगितलं. ते शोधताना काहीतरी उलटं झालं आणि कळफलकाचा उजेड लाल होऊन लुकलुकायला लागला. अण्णा वरून म्हणाले, "आता तो रागावलाय." मिनिटरावांना हसू आलं नाही. बैठक जवळ येत होती, तक्ता अर्धा झाला होता, आणि प्रत्येक वेळी यंत्र बंद पडलं की शेवटच्या काही ओळी उडत होत्या. त्यांना रोज स्वप्नात तळघर दिसायला लागलं, आणि झरोक्यातून बूट.

सर्व्हिस सेंटर म्हणजे पांढऱ्याशुभ्र खोलीत पांढऱ्याशुभ्र खुर्च्या आणि इतका गारठा की मिनिटराव हात चोळत बसले. काउंटरवरच्या मुलीनं नम्रपणे सांगितलं, "सर, तक्रार आधी ॲपवर नोंदवावी लागते."

"कुठल्या ॲपवर?"

"लॅपटॉपमध्येच आहे."

"पण लॅपटॉप बंद पडतो, हीच तक्रार आहे."

"हो सर. म्हणून तो चालू असताना नोंदवायची."

मिनिटरावांनी या वाक्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांनी उभ्याउभ्या, अनोळखी लोकांसमोर, हसून लॅपटॉप उघडला. शेजारची बाई खुर्ची बदलून बसली. तक्रार नोंदली. मुलीनं लॅपटॉप चालवून बघितला. त्या थंडगार खोलीत तो असा शांत, असा गुणी वागला की मिनिटरावांनाच आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागलं. "सर, काही प्रॉब्लेम दिसत नाहीये," मुलगी म्हणाली.

"घरी करतो हो."

"घरी म्हणजे, घरात काही वेगळं वातावरण आहे का?"

हा प्रश्न कुणी दवाखान्यात विचारला असता तर मिनिटराव उठून गेले असते. ते नुसते म्हणाले, "चांगलं आहे वातावरण." मग मुलीनं लॅपटॉप उलटा केला, आणि तिचा हात थांबला. तिनं फिल्मवर नख फिरवलं. "सर, हे कुणी लावलं?"

"मीच. धुळीसाठी."

"याला श्वास घ्यायला जागा याच भोकांतून असते. गरम हवा बाहेर कुठून जाणार? तुम्ही नाक-तोंड बांधून याला पळवताय." ती फिल्म काढू लागली, पण मिनिटरावांचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. "घरी विचारून काढतो," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला एक प्लास्टिक काढायला घरी का विचारावं लागतं, हे त्या मुलीला कळलं नसावं.

संध्याकाळी मिनिटरावांनी बायकोसमोर लॅपटॉप पालथा ठेवला आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं की ती म्हणेल, 'एवढी छान बसलीय, राहू द्या, एका कोपऱ्यातून जरासं भोक पाडा.' पण बायकोनं फिल्मचा कोपरा नखानं उचलला. जन्मात तिनं कुठल्याही वस्तूवरचं प्लास्टिक स्वतःहून काढलं नव्हतं. ते एका लांब, फाटत्या आवाजात निघालं, आणि ती हातात ते चुरगळलेलं प्लास्टिक घेऊन उभी राहिली.

"ओरखडे पडतील आता," ती म्हणाली.

"पडतील."

"पडू देत. तुमची खिडकी राहिली पाहिजे." असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. मिनिटरावांना वाटलं, आपण या बाईला आजवर फार कमी ओळखलं. तेवढ्यात लॅपटॉप आपला शांतपणे जांभळ्याचा निळा झाला, जणू काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर तक्ता भराभर झाला. मिनिटराव हसत, टाइप करत, लॅपटॉप गप्प. बैठकीच्या दिवशी सगळे विभागप्रमुख जमले. मोठ्या पडद्याला वायर लागली आणि भिंतीवर मिनिटरावांचं वेळापत्रक उमटलं: मार्ग, बस, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, ओळीखाली ओळ. त्यांनी समजवायला सुरुवात केली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं ओळीवर बोट ठेवलं. कागदावर ठेवत तसंच. "आता हा बघा दवाखाना मार्ग," ते म्हणाले आणि 'सव्वानऊ' या वेळेवरून बोट खाली फिरवत गेले, "इथून इथपर्यंत, ही सगळी सकाळची गर्दी."

त्या लॅपटॉपच्या पडद्याला स्पर्श कळत होता. ही गोष्ट मेव्हण्यानं सांगितली नव्हती, कारण ती मेव्हण्यालाही माहीत नव्हती. बोटामागून पडद्यावर काहीतरी सरकलं, चमकलं, पुन्हा स्थिर झालं. मिनिटरावांना वाटलं, ही याची स्टाइल असेल. हा प्रत्येक गोष्ट जरा नटूनच करतो. मॅडमचं लक्ष भिंतीकडे नव्हतंच. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या.

"हा तुमचा स्वतःचा?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"वा! कौतुक आहे. उत्कृष्ट काम. फाइल लगेच डेपोला पाठवा, उद्यापासून लागू." मिनिटरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फाइल पाठवली. आणि मॅडम पुढे म्हणाल्या, "आता सगळंच यात आहे म्हटल्यावर तुम्हाला खिडकीची गरज उरली नाही. सोमवारपासून खाली बसा. तिथे सर्व्हरचा एसी आहे, या मशीनलाही बरं पडेल."

जमलं नाही तर तळघर, हे मिनिटरावांना ठाऊक होतं. जमलं तरी तळघर, हे कुणी सांगितलं नव्हतं. हरलो तर हरलो आणि जिंकलो तर हरलो, असा हा काय न्याय, हे त्यांनी घरी जाईपर्यंत स्वतःलाच विचारलं. बायकोला ते म्हणाले, "चांगलं झालं म्हणाल्या," आणि जेवले नाहीत. तिनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तीही त्या दिवशी नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मिनिटराव सामान आवरायला कार्यालयात गेले. आलेखाच्या कागदांच्या गुंडाळ्या, पेन्सिली, खोडरबर. मॅडमही तिथेच होत्या, मोजपट्टी घेऊन. मीटिंगचं टेबल कुठे बसेल ते बघत होत्या. तेवढ्यात खालून हॉर्नचा आवाज आला. एक, मग तीन, मग एकच कोलाहल.

दोघंही खिडकीपाशी गेले. स्थानकाच्या दारातून एक बस आत शिरत होती, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत रांग. प्रत्येकीच्या कपाळावर एकच पाटी: दवाखाना. बाकीच्या मार्गांच्या बस बाहेर अडकल्या होत्या. दवाखान्याची माणसं पहिल्या बसमध्ये चढली होती आणि मागच्या सगळ्या रिकाम्या उभ्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना कागद दाखवत होते, आणि प्रत्येकाच्या कागदावर सव्वानऊच होते.

मिनिटरावांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं बोट आलं, वरून खाली फिरणारं, आणि बोटामागून चमकत सरकणारं ते काहीतरी. बोटानं सव्वानऊ खालच्या ओळींत ओढत नेले होते, आणि दवाखान्याच्या प्रत्येक बसला तेच वाटले होते. पुढची काही मिनिटं ते कार्यालयातले माणूस उरले नाहीत. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून ते ओरडले, "नियंत्रक! मागच्या चार परत फिरवा! बाजाराच्या बाजूनं नेऊन थांबवा! हिरवी पुढे घ्या, हिरवी! शाळेची आत येऊ द्या आधी!" खालचा नियंत्रक वर बघून हात हलवत होता, त्यांच्या इशाऱ्यावर बस मागे-पुढे होत होत्या. मॅडम मोजपट्टी हातात धरून उभ्या होत्या आणि एकदा त्यांनीही, बहुधा न कळत, "ती निळी राहिली, निळी!" असं सांगितलं.

स्थानक मोकळं झालं. माणसं घड्याळ बघायची थांबली. मिनिटरावांचा सदरा घामानं भिजला होता.

"हे कसं झालं?" मॅडमनी विचारलं. "मशीनची चूक?"

उत्तर समोरच होतं. लॅपटॉप टेबलावर पडला होता, आणि आजच्या जगात मशीनवर आळ घातला तर मशीन भांडायला येत नाही. सगळं कार्यालय हेच करत आलं होतं. मिनिटरावांनी एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. आपण खिडकी वाचवायला निघालो होतो, आणि आता खिडकीतूनच आपला गाढवपणा सगळ्या शहराला दिसला. पण खोटं बोलायला त्यांचं तोंड उघडेना.

"माझ्या बोटाची," ते म्हणाले. आणि बैठकीत काय झालं ते सांगितलं. सांगताना बोट पाठीमागे लपवलं होतं.

मॅडमनी खाली स्थानकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तळघरात असता, तर हे तुम्हाला कधी कळलं असतं?"

"डेपोतून पत्र आलं असतं, मॅडम. दोन आठवड्यांनी."

"आणि बोट परत कुठे लागलं, तर?"

"परत दोन आठवड्यांनी."

मॅडमनी मोजपट्टी गुंडाळली. "मग तुम्ही इथंच बसा. तुमचं बोट मला खिडकीसमोर हवंय. मीटिंग खाली घेऊ आम्ही." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "आणि तक्ता झाला की उठून बघत जा. कागदावरचा करत होतात तेव्हा बघत होतात ना?"

मिनिटरावांनी मान हलवली. ही शाबासकी होती की कानउघाडणी, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि संध्याकाळी घरी जातानाही कळलं नाही.

घरी अण्णा आधीच खुर्ची ओढून बसले होते. बायको दारातच उभी होती. "राहिली?"

"राहिली."

"लॅपटॉपमुळेच ना!" अण्णा म्हणाले. "वाटलंच होतं मला."

मिनिटराव सोफ्यावर, कव्हरवर, बसले आणि हिशोब जुळवू लागले. लॅपटॉप आणला नसता तर तळघर ठरलेलं होतं. आणला आणि बरोबर चालवला, तरीही तळघरच ठरलं. आणला, बरोबर चालवला आणि मग चुकवला, तेव्हा कुठे खिडकी. म्हणजे लॅपटॉपमुळेच, आणि लॅपटॉप असूनही, आणि बोटामुळे; पण बोट तर लॅपटॉप नसतानाही होतंच. डोक्यातला आलेख गोल गोल फिरू लागला.

"राहिली ना, मग तोंड असं का?" बायकोनं विचारलं.

"कशामुळे राहिली तेच कळत नाहीये."

बायको त्यांच्याकडे बघून खूप दिवसांनी मोकळी हसली. "खिडकी आहे ना?" ती म्हणाली. "मग कळून काय करायचंय?"